नेटखाली मुरगळणारा घोटा

२०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धा आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा यांच्या निमित्ताने गोव्यात चांगली बंदिस्त स्टेडियम उभी राहिली. तरी पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे व्हॉलीबॉल म्हणजे मुख्यतः देवळासमोरच्या पटांगणातले, तांबड्या मातीवरचे. तिथे कुणाचा घोटा मुरगळला, तर ‘खेळात असं व्हायचंच’ म्हणून विषय संपतो. सूज जरा उतरली की गडी पुन्हा नेटवर.

मुळात हा उड्यांचा खेळ नव्हताच. १८९५ मध्ये अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी तो बेतला तो बास्केटबॉलची दमछाक न झेपणाऱ्या वयस्क मंडळींसाठी. पुढे १९१६ च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये चेंडू उंच उचलून वरून हाणण्याची पद्धत रुजली. स्मॅश आला, त्याला अडवायला ब्लॉक आला आणि नेटच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू एकाच जागी उतरू लागले. पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडते, आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारे चिवट पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात.

उपायांचा शोध बराच काळ बूट आणि पट्टी यांभोवतीच फिरला. पण १९६५ मध्ये ब्रिटनमधील फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी वेगळीच गोष्ट पुढे आणली. अस्थिबंध दुखावला की पाऊल कुठे आणि कसे टेकते आहे याची जाणही मंदावते. म्हणून तोच घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो. डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यांनी सुचवला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच, कारण या व्यायामाला पैसा जवळजवळ लागतच नाही.

त्याची मैदानावरची कसोटी १९९० च्या दशकात नॉर्वेत लागली. रोआल्ड बार आणि सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉलपटूंना उडी घेण्याचे आणि उतरण्याचे तंत्र शिकवले, आधी घोटा दुखावलेल्यांकडून फळीवर तोलाचा सराव करून घेतला. घोट्याच्या दुखापती निम्म्यावर आल्या. १९९७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २००४ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासातही अशा सरावाचा फायदा दिसला, पण ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांनाच. आपल्याकडे नेमके हेच खेळाडू सरावाविना परततात. दोरीने आवळायचा घोट्याचा पट्टा त्यांना आधार देतो, पण गेलेली जाण परत आणायला एका पायावर उभे राहण्याचा रोजचा सरावच हवा, तोही काही आठवडे नेटाने.

मुरगळल्याबरोबर पाय चोळणे, ओढून ‘बसवणे’ हे थांबायलाच हवे. त्याने सूज वाढते आणि हाड मोडले असेल तर हानी होते. घोट्याच्या हाडांवर मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. कॅनडात १९९२ मध्ये ठरलेला हा निकष आज जगभर वापरला जातो.

राहिला नेटखालच्या मधल्या रेषेचा प्रश्न. पावलाचा काही भाग रेषेला टेकलेला किंवा हवेत थेट तिच्या वर असेल, तर उरलेले पाऊल पलीकडे गेलेले नियमाला चालते, आणि धोका तिथेच आहे. गावच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना मात्र फक्कीने मधली रेष ठळक आखून, पाऊल जरासे पलीकडे गेले तरी फाऊल, असा स्थानिक नियम करता येईल. पुढच्या मोसमापासून निदान शाळकरी मुलांच्या सामन्यांत तरी तो करावा.