कंपनी बदलून क्रमांक तोच ठेवायचा असल्यास: अर्ज कुठे अडतो

घरातील लँडलाइनचा जुना क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येईल, या समजुतीने गोव्यातील फोंडा-डिचोलीकडची ज्येष्ठ मंडळी अजूनही कागदपत्रे घेऊन फेऱ्या मारतात, आणि अशी सोयच नाही हे त्यांना पहिल्या खिडकीवर कोणी सांगत नाही, हे खेदाचे आहे. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मोबाइलपुरती आहे, आणि ती देशभर २० जानेवारी २०११ पासून लागू झाली.

मोबाइलसाठी 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला क्रमांक टाकावा व तो संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरात यूपीसी, म्हणजे कंपनी बदलण्यासाठी लागणारा कोड येतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे अर्ज करावा.

कोड गोव्यात चारच दिवस चालतो. तो आधी मागवून नंतर आधार शोधत बसणाऱ्यांचे अर्ज हमखास बाद होतात. कागद हातात आल्यावरच संदेश पाठवावा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण व्हायला हवेत, आणि आधी एकदा पोर्ट केले असल्यास हे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. सिम हरवून नवे घेतले असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस कोड मिळत नाही. पोस्टपेडचे मुदत उलटलेले बिल थकले असेल, तरीही नाही.

सर्वांत अधिक अर्ज नावावरून अडतात. मुलगा जहाजावर, सिम त्याच्या नावावर आणि फोन वापरते पेडण्यातील आई, असे आपल्याकडे घरोघरी आहे. आईचे आधार कितीही बिनचूक असले तरी अर्ज मुलाचाच लागतो. तो सुट्टीवर येईल तेव्हा आधी सिम आईच्या नावावर करून घ्यावे, आणि ते काम पुरे होईपर्यंत कोड मागवू नये. हॉटेलने दिलेल्या क्रमांकाला हॉटेलच्या अधिकृत व्यक्तीचे पत्र लागते, त्यामुळे नोकरी सोडण्यापूर्वीच ते मागावे.

मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागांत गोवा महाराष्ट्राच्या परिमंडळात येतो, पण मुंबई त्यात नाही. म्हणून पुण्याचा क्रमांक इथे तीन कामाच्या दिवसांत पोर्ट होतो, मुंबईच्या क्रमांकाला पाच लागतात. अर्जानंतर विचार बदलल्यास २४ तासांच्या आत रद्द करता येते. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी फोन काही तास बंद राहतो, तेव्हा बँकेचा ओटीपी लागणारे व्यवहार आदल्या दिवशी उरकावेत.