फौजदारी केसमध्ये मोफत वकील: सोलापुरात अर्ज कुठे अडतो

"आमची केस ज्युरीपुढे कधी लागणार?" परवा कोर्टाच्या आवारात एका आरोपीच्या मेहुण्याने विचारलं. मोबाइलवरच्या परदेशी मालिकांची कृपा. आपल्याकडे ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, नाही. १९५९ च्या नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, हे पुष्कळांना माहीत असतं. ज्युरीची तरतूद कायद्यातून पुरती गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून. आता एकटे न्यायाधीश ऐकतात आणि कारणं देऊन निकाल लिहितात. ती कारणं निघतात रेकॉर्डवरून, म्हणजे साक्षीदार काय बोलला आणि उलटतपासात त्याला काय विचारलं गेलं यातून. वकीलच नसेल तर उलटतपास "नाही" असा एका ओळीत संपतो, आणि पुढे अपिलातही तीच ओळ वाचली जाते. म्हणून वकील पहिल्या रिमांडलाच हवा, म्हणजे अटकेनंतर कोर्ट पहिल्यांदा कोठडी देतं तेव्हाच.

आधी एक शब्दाचा घोळ. लोक येतात आणि म्हणतात, "सरकारी वकील पाहिजे." सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध बाजूने उभा असतो! तुम्हाला हवा असतो विधी सेवेचा वकील. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या माणसाने त्यासाठी सोलापूरची एसटी धरायची गरज नाही. आरोपीच्या बचावासाठी आता लोक अभिरक्षक कार्यालयंही झाली आहेत. तिथले वकील फक्त आरोपीची बाजू घेतात. फिर्यादीला वकील हवा असेल तर प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा मिळतो.

आता पात्रता, कारण सगळ्यात जास्त चपला इथेच झिजतात. मागच्या उन्हाळ्यात कुंभारीकडची एक विडी कामगार मावशी आली होती. मुलगा जेलमध्ये. हातात कॅरीबॅग, त्यात रेशन कार्ड, विडीचं ओळखपत्र, लाइटबिल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती चार वेळा हेलपाटे घालून आली होती. कधी तलाठ्याचा अहवाल नाही, कधी सर्व्हर बंद. प्रत्येक हेलपाट्याला दिवसाच्या हजार विड्या बुडाल्या. आणि हा दाखला तिला लागणारच नव्हता. जो कोठडीत आहे, त्याला उत्पन्नाची अटच नाही. हे तिला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचलं की हे कळतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा जातीय अत्याचाराची झळ बसलेले आणि कोठडीतले लोक, यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाई आरोपी असेल तर तिच्या नवऱ्याचा पगार विचारायचं कारणच नाही. उत्पन्नाची अट उरते ती बाकीच्यांना, उदाहरणार्थ जामिनावर बाहेर असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये आहे. आणि त्यालाही तहसीलचा दाखला नसला म्हणून दार बंद होत नाही. कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, अधिकाऱ्याला ते खोटं वाटण्यासारखं काही कारण नसेल तर. "दाखला आणा" म्हणून परत पाठवलं, तर कलम १३ चं नाव घेऊन प्रतिज्ञापत्र पुढे करा. आवाज न चढवता.

बाकी कागद थोडे आहेत: अर्ज, आधार किंवा दुसरा ओळखपुरावा, एफआयआर किंवा कोर्टाच्या समन्सची प्रत, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला विधी स्वयंसेवक लिहून घेतो.

सोलापुरात एक गोष्ट हमखास अडते, ती नावाची. तेलुगू घरांत आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, आणि एफआयआरमध्ये पोलिसांनी गल्लीतलं टोपणनाव लिहिलेलं. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं अर्जातच एका वाक्यात लिहून टाका. नंतर जामिनाच्या वेळी तोच घोळ परत निस्तरावा लागत नाही.

आधी खाजगी वकील दिला असेल तर त्यांचं नाहरकत पत्र घ्या. फीची बाकी राहिली म्हणून ते मिळत नसेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. गप्प बसलात तर महिना जातो.

अर्जावर निर्णय शक्यतो त्याच दिवशी, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत व्हायला हवा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाकारला तर कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करा. नेमलेल्या वकिलाने "थोडं चहापाण्याचं बघा" म्हटलं तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार द्या.

आता मुदती. चोवीस तासांत कोर्टापुढे हजर करण्याचा नियम आता बहुतेकांना ठाऊक असतो. चुकते ती दुसरी मोजणी. आरोपपत्र वेळेत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो: मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांनी, बाकी गुन्ह्यांत ६० दिवसांनी. हे दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, रिमांडचा दिवस धरून. आणि हा जामीन आपोआप मिळत नाही. अर्ज द्यावा लागतो, तोही आरोपपत्र दाखल व्हायच्या आत. घरचे "बघू सोमवारी" म्हणतात, शनिवारी आरोपपत्र येतं, आणि हक्क संपतो. रिमांडची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, भिंतीवरच्या.

शिक्षा झाली तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात साधारण ६०. निकालाची नक्कल मिळवण्यात लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नक्कलेचा अर्ज वेळेत दिला असेल तरच त्याचा उपयोग. अपिलालाही मोफत वकील मिळतो, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

जामीन मंजूर झाला तरी काम संपत नाही. जामीनदार लागतो, आणि त्याच्याकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला. भाड्याच्या खोलीत राहून यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या ओळखीत सातबारा असलेला माणूस कुठून येणार? अशा वेळी जामीनदाराच्या दलालाकडे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय की जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. तुरुंगाने कळवायची वाट बघत बसू नका, तुम्हीच सचिवांना अर्ज द्या. फोनवर विचारायचं असेल तर नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) हेल्पलाइन १५१००.

त्या मावशीचा अर्ज त्याच दुपारी झाला. तहसीलची पावती तिने तरीही कॅरीबॅगेत जपून ठेवली, "असू दे, लागंल कधी."