बोकडाचं की मेंढीचं?

पायाचा रस्सा उरला आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहिला, की सकाळी पातेलं हलवल्यावर थलथलतो. वरचा पांढरा थर चरबीचा. त्याखालची जेली मात्र हाडातून सुटलेल्या कोलॅजन या प्रथिनाची, आणि हे कोलॅजन ज्या जनावराचं, त्याची ओळख स्वतःत बाळगून असतं.

मुंबईत मटणाच्या दुकानात 'बोकडाचं की मेंढीचं?' हे विचारणारी घरं आहेत. बोल्हाई देवीला मानणारे बोकड खात नाहीत, मेंढीच आणतात. तुकडे झाल्यावर नुसत्या हाडावरून हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. उत्खननात तर हाडांचा चुराच जास्त निघतो. त्यामुळे कितीतरी नोंदींत 'शेळी/मेंढी' असा एकत्रच रकाना असतो.

यावरची युक्ती मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडली. कोलॅजन म्हणजे तीन पेडांचा पीळ. एकेका पेडात हजाराच्या आसपास अमिनो आम्लं, आणि दर तिसरं ग्लायसिन, कारण पिळाच्या आत त्याहून मोठं काही मावतच नाही. एवढ्या शिस्तीमुळे हे प्रथिन पिढ्यान्‌पिढ्या फार हळू बदलतं. तरी थोडं बदलतंच.

हाडाचा कणभर तुकडा घेऊन त्यातलं कोलॅजन सोडवतात आणि त्यावर ट्रिप्सिन टाकतात. आपल्या स्वादुपिंडातही बनणारं हे विकर लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढेच साखळी कापतं. म्हणून एका जातीचे तुकडे दर वेळी तेच पडतात. मग लेसरने ते उडवून नळीतून धावायला लावतात. हलका तुकडा आधी पोचतो, जड मागून, आणि त्या वेळेवरून वजन कळतं. एक ठरावीक तुकडा मेंढीत ३०३३ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वजनावर दिसतो, शेळीत ३०९३ वर. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: साठाचा फरक, आणि रकाना दुभंगतो.

सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या दोन हजारांहून अधिक तुकड्यांतून याच पद्धतीने जेमतेम अडीच सेंटिमीटरचं एक मानवी हाड सापडलं. कोलॅजनने 'माणसाच्या कुळातलं' इतकंच सांगितलं. आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन (दोन्ही नामशेष झालेले मानवप्रकार), हे २०१८ मध्ये डीएनएवरून कळलं. घोडा आणि गाढव यांतही कोलॅजन सहसा फरक दाखवत नाही.

आपल्याकडे अडचण उकाड्याची. ती गुहा थंड, म्हणून तिथे कोलॅजन टिकलं. चुलीवर दोन-तीन तासांत पायाचं जे होतं, तेच कोकणच्या उबदार, ओल्या मातीत पुरलेल्या हाडाचं शेकडो-हजारो वर्षांत हळूहळू होत असतं.