जोडीतले दोन स्ट्रायकर : एका जुन्या उत्तराची पार्श्वभूमी

‘फुटबॉल मॅनेजर’ हा संघाचा व्यवस्थापक होऊन खेळायचा संगणकावरचा खेळ नव्याने हाती घेणाऱ्याने आघाडीला, म्हणजे गोल करण्याच्या जागी, कोणते दोन खेळाडू एकत्र लावावेत असे विचारले, तर त्याला नागपुरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे उत्तर मिळत असे तेच आजही मिळते : एक उंच, दणकट स्ट्रायकर घ्यावा आणि त्याच्या जोडीला एक चपळ. हे उत्तर खोटे नाही. मात्र ते ज्या काळात रुळले त्या काळातला फुटबॉल आणि त्या काळातला हा खेळ, दोन्ही आता पुष्कळ बदलले आहेत, आणि जोडी नेमकी कशामुळे जमते याचा उलगडा त्या उत्तरातून होत नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

मधोमध दोन आघाडीवीर ही रचना फुटबॉलमध्ये तशी उशिरा आली. सुरुवातीच्या काळात संघ पाच आघाडीवीर घेऊन मैदानात उतरत. १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे आघाडीवीराने किती पुढे थांबावे याचा, नियम सैल झाला. आघाडीवीर नियमात राहायला त्याच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असण्याऐवजी दोन असले तरी पुरेसे ठरले, गोल भराभर होऊ लागले आणि ते थोपवण्यासाठी आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्यासारख्यांनी मधल्या फळीतला एक खेळाडू मागे बचावात खेचला. त्यातून मैदानाच्या मध्यावर एक सेंटर फॉरवर्ड आणि त्याच्यावर पहारा ठेवणारा एक बचावपटू, असे समोरासमोरचे द्वंद्व उभे राहिले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने हे द्वंद्वच मोडीत काढले. नऊ क्रमांकाची जर्सी घातलेला नांदोर हिदेगकुटी आघाडीला थांबलाच नाही, तो चेंडू घ्यायला मागे येत राहिला. त्याच्यावर नेमलेला इंग्लंडचा हॅरी जॉन्स्टन मागोमाग गेला तर त्याने सोडलेल्या जागेत हिदेगकुटीचे सहकारी पुश्काश आणि कोचिश घुसत, आणि तो जागेवरच थांबला तर हिदेगकुटीला चेंडू घेऊन वळायला मोकळीक मिळे. हंगेरीने तो सामना ६-३ असा जिंकला आणि त्यातले तीन गोल एकट्या हिदेगकुटीचे होते. जॉन्स्टनला पडलेला हा पेच प्रत्येक चांगल्या जोडीचा गाभा आहे, असे मला वाटते. एकाची उंची आणि दुसऱ्याचा वेग ही तो पेच टाकण्याची केवळ एक रीत आहे.

ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक ४-२-४ (चार बचावपटू, दोन मध्यरक्षक, चार आघाडीवीर) अशा रचनेने जिंकला. अंतिम सामन्यात स्वीडनवर मिळवलेल्या ५-२ अशा विजयात वावा आणि पेले यांनी प्रत्येकी दोन गोल केले. इंग्लंडमध्ये पुढे ४-४-२ ही रचना घराघरांत पोचली आणि तिथेच उंच-चपळ जोडीची ख्याती झाली. लिव्हरपूलचे जॉन टोशॅक आणि केव्हिन कीगन हे तिचे सत्तरच्या दशकातले ठळक उदाहरण होय. टोशॅकने डोक्याने चेंडू खाली उतरवायचा आणि कीगनने तो पडण्याआधीच तिथे पोचायचे, हे इतके अचूक घडे की या दोघांना एकमेकांच्या मनातले कळते असे लोक म्हणत. दूरचित्रवाणीवर त्यांची तशी चाचणीही घेण्यात आली आणि टोशॅकने कार्डे बऱ्यापैकी ओळखली. कॅमेऱ्याच्या भिंगात आपल्याला कार्डांचे प्रतिबिंब दिसत होते, हे त्याने नंतर सांगितले. मैदानावरच्या त्यांच्या ताळमेळामागेही मनकवडेपणा नव्हता. कोणी केव्हा कुठे जायचे याची वाटणी होती आणि ती रोजच्या सरावातून अंगवळणी पडली होती.

नव्वदच्या दशकात ही परंपरा ऐन भरात होती. ब्लॅकबर्नने १९९४-९५ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा ॲलन शिअररने ३४ गोल केले आणि शेजारी ख्रिस सटन होता. संडरलंडमध्ये नायल क्विन डोक्याने चेंडू खाली देई आणि केव्हिन फिलिप्स तो जाळ्यात मारी. १९९९-२००० मध्ये फिलिप्सने लीगमध्ये ३० गोल करून सर्वाधिक गोलांसाठीचा युरोपचा ‘गोल्डन शू’ मिळवला. पण त्याच काळात मँचेस्टर युनायटेडची अँडी कोल आणि ड्वाइट यॉर्क ही जोडी त्या जुन्या सूत्राला छेद देत होती. दोघांपैकी कोणीही उंचीसाठी प्रसिद्ध नव्हता. एकाने चेंडूकडे यायचे, दुसऱ्याने तो पायांतून सोडून द्यायचा आणि पुढे पळायचे, पुढच्या वेळी हीच कामे अदलाबदल करून करायची, अशा खेळाने त्यांनी १९९८-९९ मध्ये लीगमध्ये मिळून ३५ गोल केले आणि संघाने त्या हंगामात तिन्ही मोठी विजेतेपदे पटकावली.

संगणकावरचा खेळ या वातावरणात जन्मला. पॉल आणि ऑलिव्हर कॉलयर या भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’, म्हणजे ‘फुटबॉल मॅनेजर’चा पूर्वज, सप्टेंबर १९९२ मध्ये बाजारात आला. प्रीमियर लीगला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवात झाली होती, आणि सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलू नये हा नियमही त्याच वर्षीचा. पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची खरी नावेसुद्धा नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. सामना दिसत नसे, तो वाचावा लागे. पडद्यावर समालोचनाची एकेक ओळ उमटे आणि जे काही घडले त्याचे कारण खेळाडूच्या नावापुढच्या आकड्यांत शोधावे लागे. अशा खेळात जोडीची कल्पना आकड्यांतच मांडली जाणे अपरिहार्य होते. एकाची उडी आणि ताकद २० पैकी १८, दुसऱ्याचा वेग आणि गोल मारण्याचे कसब १८, म्हणजे जोडी जमली. ते दोघे मैदानात कुठे धावतात हे पाहण्याची सोय नसल्यामुळे शरीराचा फरक हाच पूरकतेचा पुरावा मानला गेला.

नागपुरात माझ्या पिढीच्या हाती हा खेळ आला तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’ या आवृत्तीच्या सुमारास. बर्डीच्या बाजारातून आणलेली एकच सीडी अनेक घरांत फिरे, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की मुले कूलरच्या खोलीत संगणकाला चिकटून बसत, आणि पुढे भारनियमन सुरू झाल्यावर वीज जाण्याआधी खेळ सेव्ह करण्याची धडपड हा त्या दुपारचाच भाग झाला. उंच-चपळ हे सूत्र आम्हाला लगेच पटले, कारण ते डोळ्यांसमोर होते. कामठी ही छावणीची वस्ती. तिथे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, आणि रब्बानी क्लबसारखे तिथले संघ नागपूरच्या लीगमध्ये उतरतात. उन्हाने टणक झालेल्या मैदानावर चेंडू उसळतो, जमिनीलगतचे पास नीट जात नाहीत, आणि लांबून आलेला चेंडू डोक्याने पुढे ढकलणाऱ्या धिप्पाड फॉरवर्डच्या मागे एखादा चपळ मुलगा घुटमळत असलेला दिसतो. राष्ट्रीय पातळीवरही उदाहरण होते. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली तेव्हा आय. एम. विजयन आणि बायचुंग भुतिया एकाच संघात होते. भुतिया १४ गोलांसह स्पर्धेत पहिला आला. मात्र त्या दोघांतही उंचीचा प्रश्न नव्हता. विजयन चेंडूवर हुकूमत ठेवणारा, भुतिया मोकळी जागा हेरणारा. हे आमच्या तेव्हा ध्यानात यायला हवे होते, पण आम्ही आकडे पाहत होतो.

पाहण्याची सोय २००३ मध्ये झाली. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ४’ मध्ये मैदान वरून दिसू लागले, त्यावर बावीस ठिपके आणि एक चेंडू. चित्र साधे होते, पण त्याने हा खेळ खेळणाऱ्यांच्या विचाराला कलाटणी दिली, कारण आपले दोन्ही महागडे स्ट्रायकर एकाच बचावपटूच्या शेजारी जाऊन उभे राहतात आणि मधली फळी व ते यांच्यात ओसाड पट्टा उरतो, हे प्रथमच दिसले. त्यानंतर निर्माते आणि प्रकाशक वेगळे झाले. जुने नाव प्रकाशकाकडे राहिले, निर्माते आपली प्रणाली व माहितीसाठा घेऊन निघाले आणि २००४ च्या नोव्हेंबरात सेगा या नव्या प्रकाशकाच्या मदतीने ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ आला. या नावाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखाद्याला टार्गेट मॅन, म्हणजे पुढे टाकलेल्या चेंडूचे लक्ष्य, नेमून त्याला चेंडू डोक्यावर द्यायचा, पायावर द्यायचा की पुढच्या मोकळ्या जागेत, हे ठरवता येई. जुन्या इंग्लिश कल्पनेचा तो थेट वारसा होता.

खरा बदल ‘फुटबॉल मॅनेजर २०१०’ ने केला. स्ट्रायकरला आता भूमिका देता येऊ लागली, आणि त्या भूमिकेत तो पाठबळाला राहील की थेट हल्ल्याला जाईल, हेही निवडता येऊ लागले. डीप-लाइंग फॉरवर्ड मागे येऊन चेंडू घेतो, म्हणजे हिदेगकुटीचेच काम करतो. त्याला चेंडूवरचा पहिला स्पर्श, पास आणि निर्णयक्षमता लागते. पोचर शेवटच्या बचावपटूच्या खांद्यालगत थांबतो. त्याच्याकडे वेगाइतकीच घडामोडींची पूर्वकल्पना आणि चेंडूविना हालचाल करण्याची अक्कल असावी लागते. ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड बचावफळीमागे पळतो, बाजूलाही सरकतो. टार्गेट मॅन अंगावर बचावपटू घेऊन चेंडू धरून ठेवतो. जोडी लावणे म्हणजे कोणाला मागे ओढायचे आणि कोणाला पुढे पळवायचे हे ठरवणे, हा अर्थ या मांडणीमुळे उघड झाला. दोन पोचर लावले तर बचावपटूंना पेचच पडत नाही, कारण दोघेही एकाच रेषेत थांबतात. दोघांनाही मागे बोलावले तर बचावफळी निर्धास्त वर सरकते. उलट सारख्याच उंचीचे आणि सारख्याच वेगाचे दोन खेळाडू, एक पाठबळाला आणि एक हल्ल्याला असे लावले, की समोरच्या दोन सेंटर बॅकपैकी (मधल्या बचावपटूंपैकी) एकाला जॉन्स्टनचाच निर्णय घ्यावा लागतो. हे एकदा उमगल्यावर माझी खेळाडू विकत घेण्याची पद्धतच बदलली. उंचीचा रकाना मी आता सर्वांत शेवटी पाहतो. तसेही उंची आणि हवेत चेंडूपर्यंत पोचण्याची क्षमता या दोन बाबी हा खेळ वेगवेगळ्या नोंदवतो, आणि उंचापुरा असून चेंडूवर वेळेत न पोचणारा स्ट्रायकर नवख्याला हमखास फसवतो.

गंमत अशी की खेळाला जोडीचे मर्म सापडले तेव्हा प्रत्यक्ष फुटबॉलमधून जोडी मागे पडत चालली होती. ४-३-३ आणि ४-२-३-१ या रचनांमध्ये मधल्या फळीत तिसरा खेळाडू आला, त्याच्यापुढे ४-४-२ मधले दोन मध्यरक्षक कमी पडू लागले आणि बहुतेक संघांनी एक स्ट्रायकर कमी केला. संगणकावरही तसेच झाले. जोडीचे पुनरागमन झाले ते दुसऱ्या स्ट्रायकरने नवे काम अंगावर घेतल्यामुळे. ॲटलेटिको माद्रिदने २०१३-१४ ची स्पॅनिश लीग जिंकली तेव्हा दोन्ही आघाडीवीर चेंडू गेल्यावर मधल्या फळीजवळ येऊन उभे राहत. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या २०१५-१६ च्या विजेतेपदात जेमी वार्डीचे २४ गोल सर्वांना आठवतात. त्याच्या साथीला असलेल्या शिंजी ओकाझाकीने लीगमध्ये अवघे पाच गोल केले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या मध्यरक्षकांच्या पाठीमागे तो अखंड धावत असे. इटलीत इंटरने २०२०-२१ मध्ये युव्हेंटसची सलग नऊ विजेतेपदांची मालिका तोडली ती लुकाकूच्या २४ आणि लाउतारोच्या १७ गोलांवर, तीन सेंटर बॅकच्या रचनेत.

ओकाझाकीसारख्याचे मोल हा खेळ बरीच वर्षे नीट दाखवू शकत नव्हता, कारण खेळणाऱ्याला एकच रचना मांडता येई आणि तिच्यात स्ट्रायकर म्हणजे वर थांबलेला ठिपका. २०२५ ची आवृत्ती रद्द झाल्यानंतर ४ नोव्हेंबर २०२५ रोजी आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २६’ मध्ये चेंडू आपल्याकडे असतानाची रचना वेगळी आणि नसतानाची वेगळी मांडता येते. चेंडू असताना जोडीने खेळणारे दोघे, तो गेल्यावर एक पुढे आणि दुसरा समोरच्या बचावात्मक मध्यरक्षकावर, असे आता स्पष्ट सांगता येते. या आवृत्तीत जोडी निवडताना मी दुसऱ्या स्ट्रायकरच्या दमाचा, कष्टाळूपणाचा आणि सांघिक वृत्तीचा आकडा आधी पाहतो, आणि मग गोल मारण्याच्या कसबाचा.