हार्ट्स ऑफ आयर्न ४ : सेनापतींना कामं कशी वाटावीत आणि गेममध्ये आपलं संगीत कसं घालावं

आमच्या ठाण्याच्या दुकानातून गेमिंग पीसी बांधून नेणाऱ्या ग्राहकांसाठी

नौपाड्यातल्या आमच्या दुकानातून पीसी बांधून नेलेले बरेच ग्राहक हा दुसऱ्या महायुद्धावरचा डावपेचांचा गेम टाकल्यावर दोन प्रश्न घेऊन परत येतात. एवढं सैन्य हाताळायचं कसं? आणि गेममध्ये आपल्या आवडीचं संगीत वाजेल का? गर्दीच्या वेळी काउंटरवर उभ्याउभ्या हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी सैन्य. एका जनरलच्या हाताखाली २४ डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) राहू शकतात, ती झाली एक सेना. त्याहून जास्त दिल्या तर गेम अडवत नाही, पण त्या जनरलच्या कौशल्याचा फायदा कमी होत जातो. अशा पाच सेनांवर एक फील्ड मार्शल नेमता येतो. आकडे एवढेच लक्षात ठेवले तरी चालतं. खरी मेख वेगळीच आहे : एका जनरलला एकच काम द्या.

समजा तुम्ही ब्रिटिश राज घेऊन खेळताय. ब्रह्मदेशच्या सीमेवर आघाडीची रेषा आखलीत आणि त्याच सेनेला बंगालचा किनाराही राखायला सांगितलात, तर डिव्हिजन सीमेवरून किनाऱ्याकडे आणि किनाऱ्याकडून सीमेकडे फिरत राहतात. जागा सोडली की त्यांनी धरलेली मोर्चेबंदी गेली. नेमक्या त्याच वेळी जपान चढून आला की आघाडीला भगदाड पडतं. किनारा आणि बंदरं राखायला वेगळी सेना करा आणि तिला ‘एरिया डिफेन्स’चा हुकूम द्या. तिथे साधा जनरल पुरतो, नामांकित माणूस आघाडीवर ठेवा. डोंगर, जंगल, वाळवंट असे जनरलचे गुण पॅनलमध्ये दिसतात, ते बघूनच नेमणूक करा.

आघाडी आखली, चढाईचा बाण ओढला की लगेच हल्ल्याचं बटण दाबायची घाई होते. थांबा. डिव्हिजन आपापल्या जागी पोचून उभ्या राहिल्या की नियोजनाचा बोनस (हल्ल्याला मिळणारा जादा जोर) रोज थोडा थोडा चढतो. तो भरू द्या, मग बटण दाबा. चढाई सुरू झाली की तो उतरू लागतो, म्हणून अधूनमधून सैन्य थांबवून त्याला पुन्हा भरायला वेळ द्यावा. प्रत्येक डिव्हिजन माउसने इकडेतिकडे ढकलणारे ग्राहक आम्ही रोज बघतो. त्यांचे बोनस कधी भरतच नाहीत. हाताने हलवायचं ते शत्रूला वेढा घालताना, दोन-चार डिव्हिजनपुरतं.

ब्रह्मदेशात रसदीचं वेगळं बघावं लागतं. रेल्वे आणि सप्लाय हब (रसद वाटणारी ठाणी) कमी असल्यामुळे तिथे भरमसाट डिव्हिजन कोंबल्या तर त्या उपाशी राहतात आणि लढायच्या आधीच खचतात. इतिहासातही तसंच होतं : १९४४ मध्ये वेढ्यात अडकलेल्या इंफाळला रसद विमानांनी पोचवावी लागली होती. आधी रेल्वे वाढवा, मग सैन्य पाठवा.

डिव्हिजनला आणि सेनेला आपण नाव देऊ शकतो. पुष्कळ जण मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव देतात, आणि ते देताना आम्हालाही बरं वाटतं. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात लढताना त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव मात्र रोमन लिपीत टाका. गेमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात.

आता संगीत. गेम सुरू करताना आधी उघडणाऱ्या लाँचरमधून नवा मॉड (गेममध्ये आपली भर घालणाऱ्या फाइलींचा संच) तयार करा, म्हणजे डॉक्युमेंट्समध्ये त्याचा फोल्डर तयार होतो. त्यात ‘music’ नावाचा फोल्डर करा. गाणं ओजीजी फॉरमॅटमध्ये, ४४,१०० हर्ट्झवर हवं. एमपी३ चालत नाही. सोबत दोन छोट्या टेक्स्ट फाइल लागतात. एकीत गाण्याचं नाव, फाइल आणि आवाजाची पातळी. दुसरीत ते गेममधल्या कोणत्या संगीत-स्टेशनवर आणि कधी वाजावं याची अट. ‘देश युद्धात असेल तरच’ अशी अट घालता येते, त्यामुळे शांततेच्या वर्षांत एक संगीत आणि युद्धात दुसरं असं जमतं. स्वतःचं वेगळं स्टेशन करायचं तर आणखी फाइल लागतात, म्हणून सुरुवातीला आधीच्याच स्टेशनमध्ये भर घाला. फाइलच्या नावात जागा सोडू नका.

ढोल-ताशा पथकातली मुलं मिरवणुकीतलं आपलं वादन मोबाइलवर टिपून आणतात. युद्धाला ते फार शोभतं. पण ताशाचा आवाज मोबाइलच्या माइकला झेपत नाही, तडतड फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंग करताना ताशांपासून लांब, ढोलांच्या बाजूला उभे राहा. मॉडमध्येही त्याची पातळी बाकीच्या गाण्यांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर रात्री हेडफोनवर अचानक दणका बसतो.

मित्रांसोबत नेटवर्कवर खेळताना चेकसम (सगळ्यांचा गेम सारखाच आहे ना हे तपासणारा संकेतांक) सगळ्यांचा सारखा हवा. जुळला नाही तर मॉड एकेक बंद करून बघा.

हे काम आम्ही दुकानातही करून देतो. स्वतःचं किंवा परवानगी असलेलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर आणा. सिनेमातली गाणी आम्ही घालून देत नाही. गेमची प्रत विकत घेतलेली असावी. दुपारी आलात तर शेजारी बसवून फाइल कशा लिहायच्या तेही दाखवतो, म्हणजे पुढचं गाणं तुम्हाला घरीच घालता येईल.