खुर्च्या, कर आणि कोंगा: लॅटिन जॅझ महोत्सवांची पार्श्वभूमी

लॅटिन जॅझचा महोत्सव भरवायचा म्हटलं की आयोजकांपुढे एक साधासा वाटणारा प्रश्न उभा राहतो. मंचासमोर खुर्च्या मांडायच्या, की जागा मोकळी ठेवायची? जॅझचा जाणकार श्रोता सोलो, म्हणजे एकेकट्या वादकाचं वादन, ऐकायला आलेला असतो, त्याला शांतता हवी असते. आजूबाजूच्या वस्तीतली मंडळी मात्र नाचायलाच आलेली असतात. मग बहुतेक ठिकाणी तडजोड होते. संध्याकाळची मैफल सभागृहात होते, आणि दुपारी रस्ता बंद करून त्यावर नाच. हा सगळा आवडीनिवडीचा मामला वाटतो, पण तसा तो नाही. ऐकणं आणि नाचणं यांची फारकत या संगीताने आपणहून केलेली नाही. ती बऱ्याच अंशी पोलीस, परवाने आणि करवसुली यांनी घडवून आणली, आणि तिचे कागद अजून सापडतात.

सुरुवात क्युबातून करायला हवी. सांतियागो दे क्युबा या शहरात कार्निव्हलच्या दिवसांत ढोल बडवत, पाय घासत जाणाऱ्या जमावाच्या मिरवणुकीला कोंगा म्हणतात. १९२५ मध्ये तिथले महापौर देसिदेरिओ आर्नास यांनी या मिरवणुकांवर बंदी घातली. आफ्रिकी वळणाचे ढोल आणि अंगविक्षेप सभ्य शहराला शोभत नाहीत, असा एकूण सूर होता. पुढे क्युबात सत्तांतर झालं, आर्नास कुटुंब मायामीला गेलं आणि महापौरांच्या मुलाने, देसी आर्नासने, १९३० च्या दशकाच्या अखेरीस गळ्यात कोंगा, म्हणजे याच नावाचा उंच ढोल, अडकवून अमेरिकन नाइटक्लबांना याच नाचाचं वेड लावलं. अमेरिकन टेलिव्हिजनवरचा पुढच्या काळातला मोठा विनोदी अभिनेता तो हाच. वडिलांनी ज्यावर बंदी घातली त्यावर मुलाने नाव कमावलं. इतिहासाला असला विनोद अधूनमधून सुचतो.

हवानातही कार्निव्हलच्या मिरवणुका, म्हणजे कोंपार्सा, बरीच वर्षं बंद होत्या. १९३७ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. त्याआधी नगरप्रशासनाने मानववंशशास्त्रज्ञ फर्नांदो ओर्तीस यांचं मत मागवलं होतं आणि त्यांनी मिरवणुकांच्या बाजूने कौल दिला. या परत आलेल्या मिरवणुकांत एक तरुण गाजू लागला. चानो पोसो. गरीब वस्तीत वाढलेला, शाळेशी फारसा संबंध नसलेला, थोडा भांडखोर; पण ‘लोस दांदीस दे बेलेन’ या कोंपार्सासाठी त्याने बांधलेल्या चाली शहरभर पोचल्या. लॅटिन जॅझ ज्याच्या हातून जगापुढे गेला, तो माणूस रस्त्यावरच्या मिरवणुकीतून आला होता, एवढं इथे लक्षात ठेवायचं.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. १९१७ मध्ये पोर्तो रिकोच्या रहिवाशांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं आणि पूर्व हार्लेममध्ये त्यांची वस्ती वाढत गेली. तिथले लोक तिला ‘एल बार्रिओ’ म्हणतात. हवानाचा मारिओ बाउसा १९३० मध्ये न्यूयॉर्कला आला. शास्त्रीय शिक्षण घेतलेला हा वादक ट्रंपेट घेऊन आधी चिक वेबच्या आणि मग कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात शिरला. १९३९ मध्ये त्याच वृंदात डिझी गिलेस्पी या तरुण ट्रंपेटवादकाला जागा मिळवून देण्यात बाउसाचा हात होता. पण जॅझची ही भाषा शिकत असताना त्याच्या डोक्यात वेगळंच काही शिजत होतं. मेव्हणा माचितो याने १९४० मध्ये ‘आफ्रो-क्युबन्स’ हा वृंद काढला. बाउसा लवकरच त्याचा संगीत दिग्दर्शक झाला आणि १९४३ च्या मे महिन्यात ‘टांगा’ ही रचना आकाराला आली. लॅटिन जॅझचा जन्म साधारणपणे तिथून मोजतात. क्युबन तालावर जॅझचे ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, आणि मोकळे सोलो, ही मांडणी तिथे पक्की झाली.

या तालाचा कणा म्हणजे क्लावे. दोन कडक लाकडी दांडक्यांवर वाजणारे पाच ठोके. सोळा मात्रांचं आवर्तन धरलं, तर सोन या क्युबन संगीतप्रकारातला क्लावे पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतो. टाळी देऊन पाहा. पहिल्या अर्ध्यात तीन ठोके ओढल्यासारखे येतात, दुसऱ्या अर्ध्यात दोन सरळ. पियानो, बास, ब्रास, गायक सगळे या ओढीला बांधलेले असतात. एखाद्याने चुकून अर्धी बाजू उलटी धरली तर जाणकार वादक कपाळाला आठ्या घालतात आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. नाचणारा माणूस इथे तालाचा परीक्षकच असतो, मंचावरच्या वादकाला त्याच्याकडून ताबडतोब निकाल कळतो. त्यामुळे लॅटिन जॅझमधला नाच हा वरून लावलेला देखावा आहे, हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

१९४७ मध्ये चानो पोसो न्यूयॉर्कला आला आणि बाउसाने त्याची गिलेस्पीशी गाठ घालून दिली. २९ सप्टेंबरला कार्नेगी हॉलमध्ये गिलेस्पीच्या वृंदासोबत त्याचे कोंगा वाजले. श्रोते खुर्च्यांवर बसलेले. दशकभरापूर्वी ज्या वाजवण्याला हवानाच्या रस्त्यावर परवानगी नव्हती, ते आता अमेरिकेतल्या सगळ्यात प्रतिष्ठित सभागृहात वाजत होतं. ‘मांतेका’ या रचनेचे एकावर एक चढत जाणारे तालाचे थर चानोने तोंडी सांगितले, मधला सुरेल भाग गिलेस्पीने लिहिला, मांडणी गिल फुलरची. ध्वनिमुद्रण झालं ३० डिसेंबर १९४७ रोजी. घाईचं कारण सरळ होतं, १ जानेवारीपासून वादकांच्या संघटनेचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार सुरू होणार होता. चानोला पुढे वर्षभरही मिळालं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये हार्लेममधल्या एका बारमध्ये त्याला गोळी घालून मारलं.

आता कराची गोष्ट. युद्धकाळात, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या केंद्र सरकारने खाण्यापिण्याबरोबर नाच किंवा गाणं चालणाऱ्या जागांच्या बिलावर ३० टक्के कर बसवला. त्याच वर्षी तो २० टक्क्यांवर आला, पण कंबरडं मोडायचं ते मोडलं. नुसतं वाद्यसंगीत असेल आणि कोणी नाचत नसेल, तर कर लागत नव्हता. लहान क्लबच्या मालकाने काय केलं असेल हे सांगायला नको. नाचाच्या जागेवर टेबलं आली. काही ठिकाणी तर नाचू नका म्हणून पाट्या लागल्या. याच वर्षांत बेबॉप हा वेगवान, गुंतागुंतीचा, कान टवकारून ऐकायचा जॅझ बहरला. करामुळेच बेबॉप जन्मला असं म्हणणं अतिरेकी होईल, त्या तरुण वादकांना तसंही नाचणाऱ्यांसाठी वाजवण्याचा कंटाळा आला होता. पण बसून ऐकणारा श्रोता आयता मिळाला तो या करामुळे. १९६५ मध्ये कर रद्द झाला, तोवर एक अख्खी पिढी जॅझ बसूनच ऐकायचा असतो असं मानून मोठी झाली होती.

न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा कॅबरे कायदा तर त्याहून जुना, १९२६ चा. नाच चालणाऱ्या जागेला परवाना सक्तीचा. परवान्याशिवाय रेस्टॉरंटमध्ये मंद संगीत ठेवायचं तर पियानो, तंतुवाद्यं अशी मोजकी वाद्यं चालत, ट्रंपेट आणि ड्रम चालत नसत. कायद्यात कोणत्याही समाजाचं नाव नव्हतं. वाद्यांची यादी वाचली की रोख कुणावर होता ते कळतं. हा भेद १९८० च्या दशकात न्यायालयात टिकला नाही, पण नाचाचा परवाना पुढेही राहिला.

या सगळ्यात लॅटिन वृंद वाचले, कारण त्यांची जागा नाचघरच होती. ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं पॅलेडियम १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांबो या क्युबन वळणाच्या नाचाचं घर बनलं. माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रोद्रिगेस हे तिघं तिथले राजे. पुएन्ते पूर्व हार्लेमच्या ११० व्या रस्त्यावर वाढलेला, नौदलातून परतल्यावर ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात शिकलेला. मागे उभ्या राहणाऱ्या तालवाद्यांना त्याने मंचाच्या पुढच्या कडेला आणलं. बुधवारी आधी नाचाची शिकवणी आणि मग स्पर्धा असे. पोर्तो रिकन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन सगळे एकाच फरशीवर. क्युबन पीट आणि मिली डोने ही तिथली गाजलेली जोडी, तो पोर्तो रिकन आणि ती इटालियन वंशाची. शहरातल्या इतर बऱ्याच ठिकाणी अशा सरमिसळीकडे तेव्हा डोळे वटारून पाहत. एक रस्ता ओलांडला की बर्डलँड हा बसून ऐकायचा जॅझ क्लब, आणि तिथले वादक मध्यंतरात पॅलेडियमला डोकावत. १९६१ मध्ये पॅलेडियमचा दारू विकण्याचा परवाना गेला, १९६६ मध्ये ते बंद पडलं.

या लाटेचे थेंब मुंबईपर्यंत आले होते. गोव्याचे जॅझ वादक तेव्हा इथल्या हॉटेलांत रात्री वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. त्यांच्यातला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हा सी. रामचंद्रांचा सहायक होता. १९५१ च्या ‘अलबेला’त बाँगो आणि माराका ही लॅटिन तालवाद्यं ऐकू येतात ते या वाटेने. भगवानदादांनी पडद्यावर केलेला तो डुलता नाच पुढे गणपतीच्या मिरवणुकांत वर्षानुवर्षं दिसत राहिला, करणाऱ्याला त्याचं हवानाशी असलेलं दूरचं नातं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पॅलेडियमनंतर लॅटिन जॅझ दोन वाटांनी गेला. एक वाट सभागृहांची आणि मोठ्या महोत्सवांची. दुसरी परत रस्त्याकडे वळली, आणि तिच्यामागे पैशांची एक तरतूदही होती. ध्वनिमुद्रिकांमुळे वादकांची कामं जातात म्हणून संघटनेने जे बहिष्कार घातले, त्यांतून १९४८ मध्ये एक विश्वस्त निधी उभा राहिला. मुद्रिका कंपन्यांनी त्यात पैसे घालायचे आणि त्यातून लोकांसाठी फुकट कार्यक्रम करायचे. बागा, शाळा, चौक इथले असंख्य कार्यक्रम या पैशावर झाले. १९६४ मध्ये पियानोवादक बिली टेलर यांच्या पुढाकाराने हार्लेममध्ये ‘जॅझमोबिल’ सुरू झालं. फिरता मंच वस्तीत न्यायचा, तिकीट नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९७९ मध्ये प्रेसिता पार्कमध्ये छोट्या प्रमाणावर कार्निव्हल सुरू झाला आणि तो पाहता पाहता शहराचा झाला. वस्तीचा महोत्सव हा प्रकार असा घडत गेला. दुपारी शाळकरी मुलांचे वृंद, मग कोणीतरी पायऱ्या शिकवतो, मग मुख्य कार्यक्रम. ती शिकवणी थेट पॅलेडियमच्या बुधवारांची आठवण आहे.

हवानात गणित नेमकं उलटं होतं. क्रांतीनंतर बराच काळ जॅझकडे शत्रुदेशाचं संगीत म्हणून संशयाने पाहिलं जाई. १९७३ मध्ये पियानोवादक चुचो वाल्देस यांनी बांधलेला इराकेरे हा वृंद लोकांना नाचवणारी गाणी करायचा आणि त्यांच्या पोटात जॅझचे सोलो भरायचा. न्यूयॉर्कमध्ये कर वाचवायला नाच सोडावा लागला होता, इथे जॅझ वाचवायला नाच कामी आला. १९७७ मध्ये गिलेस्पी एका पर्यटन जहाजावरून हवानात उतरले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वादकांनी पुन्हा एकत्र वाजवलं. १९८० मध्ये गायक-वादक बॉबी कार्कासेस यांनी वेदादो भागातल्या एका सांस्कृतिक केंद्रात जॅझचा छोटा उत्सव भरवला. तोच ‘जॅझ प्लाझा’. गिलेस्पी १९८५ मध्ये तिथे वाजवून गेले. आता तो जानेवारीत होतो, आणि गेल्या काही वर्षांपासून हवानाबरोबर सांतियागोमध्येही.

अमेरिकेत हे संगीत किती जपलं जातं याची परीक्षा २०११ मध्ये झाली. ग्रॅमी पुरस्कारांनी १०९ विभाग ७८ वर आणले आणि १९९५ पासून दिला जाणारा लॅटिन जॅझचा स्वतंत्र विभाग त्यात उडाला. न्यूयॉर्कचे तालवादक बॉबी सानाब्रिया आणि इतर काही वादक कोर्टात गेले, निदर्शनं झाली, आणि पुढच्याच वर्षी विभाग परत आला. लॅटिन जॅझ ही जॅझची उपशाखा आहे की बरोबरीची शाखा, हा वाद मात्र वादकांत अजून चालतो.

१९२६ चा कॅबरे कायदा न्यूयॉर्कने २०१७ मध्ये रद्द केला, एक्याण्णव वर्षांनी. रस्त्यावरच्या नाचाला त्याने तसा फार फरक पडला नाही, तो कायदा चार भिंतींच्या आतल्यांसाठी होता. रस्ता बंद करण्याची परवानगी महापालिकेकडून काढायची आणि ध्वनिक्षेपकाची त्या भागाच्या पोलीस ठाण्यातून, हे काम आयोजकांच्या वाट्याला अजूनही आहेच.