‘जाहिराती नाहीत’ ही चिठ्ठी आणि सिग्नल

जानेवारी २०२१च्या त्या पंधरवड्यात फोन सारखा वाजत होता : अमुक काका सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर आले, तमुक वहिनी सिग्नलवर आल्या. नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, असं व्हॉट्सअ‍ॅपने बजावलं होतं आणि लोक बिथरले होते. या रागाची मुळं मात्र बरीच जुनी आहेत.

जॅन कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांनी २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप उभं केलं. दोघेही आधी याहूत होते, जाहिरातींचा धंदा आतून पाहून विटलेले. ‘जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, क्लृप्त्या नाहीत’ अशी अ‍ॅक्टन यांच्या हातची चिठ्ठी कूम यांच्या टेबलावर असायची. कूम यांचं बालपण सोव्हिएत काळातल्या युक्रेनमधलं. आई फोनवर बोलताना म्हणायची, “हे फोनवर बोलायचं नाही, भेटल्यावर सांगते.” ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मला तर सगळं तिथूनच सुरू झाल्यासारखं वाटतं. खर्चासाठी वर्षाला एक डॉलर घ्यायचा, एवढाच त्यांचा हिशेब.

फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. वापरणारे तेव्हा ४५ कोटी होते, कर्मचारी जेमतेम ५५. काहीही बदलणार नाही, असा शब्द कूम यांनी दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये फोन नंबरसारखी माहिती फेसबुकला देण्याची तरतूद अटींत आलीच. विलीनीकरणाच्या वेळी दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड ठोठावला. शब्द देणारा मनापासून देत असेलही, पण मालकी दुसऱ्याकडे गेल्यावर तो पाळणं त्याच्या हातात राहत नाही.

अ‍ॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, सुमारे ८५ कोटी डॉलरच्या शेअर्सवर पाणी सोडून. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी आधीपासून सिग्नल अ‍ॅप बनवणारे मॉक्सी मार्लिनस्पाइक यांच्यासोबत सिग्नल फाउंडेशन स्थापन केलं आणि त्यात ५ कोटी डॉलर घातले. ही ना-नफा संस्था आहे. तिला भागधारक नाहीत, त्यामुळे ती विकत घेऊन टाकायची सोयच नाही. माझ्या लेखी खरा फरक इथे आहे. कारण संदेशांना लागणारं कुलूप दोन्हीकडे एकच : २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सिग्नलचाच प्रोटोकॉल, म्हणजे मजकूर कुलूपबंद ठेवायची पद्धत, बसवला होता. म्हणून ‘आता आपले मेसेज वाचणार’ ही २०२१ मधली आवई खोटी होती. प्रश्न मजकुराचा नव्हता. कोण, कोणाशी, कधी बोलतं, ही माहिती कोणाच्या हाती जाते, हा होता.

लोंढा एवढा आला की १५ जानेवारीला सिग्नल कित्येक तास बंद पडलं. शिवाय चालवायला पैसा लागतोच. नोंदणीच्या वेळी येणाऱ्या ओटीपीच्या एसएमएसवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असं संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं. हे पैसे देणग्यांतून येतात.

बहुतेक लोक व्हॉट्सअ‍ॅपवर परतले. सोसायटी, शाळा, दूधवाला, सगळे तिकडेच होते. आमच्या घरच्या सिग्नल ग्रुपवर आता चौघंच उरलो आहोत. रात्री आईचा मेसेज येतो, “पोचलास का?”

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२१च्या त्याच अटींवरून मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. जून २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘अपडेट्स’ या टॅबमध्ये जाहिराती आणण्याची घोषणा झाली.